घरभाडेकरूची निवड : पडताळणी, कायदा आणि सामाजिक न्याय
(भद्रावती शहराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :
चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती, अर्थात जुने भांदक, हे नगर विजासन लेणी, भद्रनाग मंदिर व पार्श्वनाथाचे जैन मंदिर यांसाठी सर्वपरिचित आहे. तथापि येथील घरभाड्याचा व्यवहार तीर्थक्षेत्रापेक्षा उद्योगाशी अधिक निगडित आहे. चांदा आयुध निर्माणी (२०२१ पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेडचा भाग) आणि वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या माजरी क्षेत्रातील कोळसा खाणी यांमुळे परगावचा माणूस येथे येतच असतो. कायम कर्मचाऱ्यांसाठी वसाहती आहेत. कंत्राटी कामगार, बदलून आलेले शिक्षक व विद्यार्थी यांना मात्र गावात खोली शोधावी लागते. प्राध्यापकवर्ग या व्यवहारात कधी भाडेकरू, तर कधी घरमालक असतो. म्हणून भाडेकरूची निवड कोणत्या निकषांवर व्हावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
पूर्वीच्या मध्यप्रांत व वऱ्हाडात १९४९ चा घरभाडे नियंत्रण आदेश अमलात होता. तो लागू असलेल्या शहरांत घर रिकामे झाल्याची सूचना घरमालकाने अधिकाऱ्यास द्यावयाची आणि अधिकारी ते शासकीय सेवकासारख्या पात्र व्यक्तीस देऊ शकत असे. घर खाली करण्याची नोटीस देण्यापूर्वीही भाडे नियंत्रकाची परवानगी आवश्यक होती. ३१ मार्च २००० रोजी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ अमलात आला आणि विदर्भातील ही जुनी व्यवस्था संपुष्टात आली. निवडीचे स्वातंत्र्य वाढले. त्यासोबत घरमालकाची जबाबदारीही वाढली.

पडताळणीचे स्वरूप :
पडताळणी म्हणजे संशय नव्हे. व्यवहाराशी संबंधित तथ्यांची खातरजमा होय. ती पुढील बाबींपुरती मर्यादित असावी.

१) ओळख : छायाचित्र असलेले ओळखपत्र व कायमचा पत्ता पाहावा. आधारची प्रत घ्यावयाची झाल्यास शेवटचे चार अंकच दिसणारी प्रत पुरेशी असते.
२) भाडे देण्याची क्षमता : वेतनपत्रक, नियुक्तिपत्र किंवा कंत्राटदाराचे पत्र पाहावे. रोजंदारीवरील कामगाराकडे असे कागद नसतात. तेथे कामाच्या ठिकाणी केलेली चौकशी अधिक न्याय्य ठरते.
३) पूर्वीचे वास्तव्य : आधीच्या घरमालकास केवळ दोन गोष्टी विचाराव्यात. भाडे वेळेवर मिळत होते काय, आणि घर सुस्थितीत परत मिळाले काय?
४) पोलिसांना माहिती : जिल्ह्यात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खालील आदेश जारी असल्यास भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यास देणे बंधनकारक ठरते. आदेश नसतानाही ती देणे हिताचे असते.

लेखी करार :
कसून चौकशी केली आणि करार मात्र तोंडी ठेवला, तर चौकशी व्यर्थ जाते. १९९९ चा अधिनियम अनुसूचीतील क्षेत्रांना लागू आहे. आपले घर त्यात येते काय, हे प्रथम पाहावे. त्याच्या कलम ५५ नुसार भाडेपट्ट्याचा वा अनुमती व परवान्याचा करार लेखी व नोंदणीकृत असला पाहिजे आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसल्यास अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. दोषी घरमालकास तीन महिन्यांपर्यंत कारावास, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

निवासी परवान्याची मुदत संपल्यावरही घर न सोडणाऱ्याविरुद्ध कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते व दुप्पट दराने भरपाई मिळू शकते. मात्र पाणी वा वीज तोडून घर खाली करवून घेण्यास कलम २९ प्रतिबंध करते. अनामत रकमेबाबत २०२१ च्या केंद्रीय आदर्श भाडेकरू कायद्याने निवासी घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा सुचविली आहे. राज्यांसाठी तो केवळ नमुना असला तरी मार्गदर्शक म्हणून उपयुक्त आहे.

निवड आणि भेदभाव :
या विषयाचा खरा प्रश्न येथे आहे. १९१७ मध्ये परदेशातील उच्च शिक्षण घेऊन बडोदा संस्थानच्या सेवेत रुजू झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना राहावयास जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत पारशी नाव धारण करून त्यांना राहावे लागले आणि तेथूनही बाहेर पडावे लागले. त्यानंतर सुमारे शतकाने, २०१५ मध्ये, सुखदेव थोरात व सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरातील भाड्याच्या घरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दलित व मुस्लिम अर्जदारांना सवर्ण हिंदूंच्या तुलनेत अधिक नकार मिळतात, हे त्यातून दिसून आले.

प्रस्तुत लेखकाचा अनुभव वेगळा नाही. तासिका तत्त्वावर अध्यापन करीत असताना खोली पाहावयास गेलो असता वेतन किंवा महाविद्यालय यांविषयी काहीही न विचारता प्रथम आडनाव विचारण्यात आले. ते सांगितल्यावर “खोली कालच गेली” असे उत्तर मिळाले. दाराबाहेरची पाटी मात्र पुढील आठवड्यातही तशीच होती.

संविधानाचे कलम १५(१) राज्यसंस्थेला भेदभाव करण्यास मनाई करते. खाजगी घरमालकास ते थेट लागू होत नाही. परंतु कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आहे. नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ च्या कलम ४ नुसार अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीतील निवासी जागेच्या वापरास अटकाव करणे हा गुन्हा आहे. अडचण पुराव्याची आहे. “खोली गेली” या दोन शब्दांत कारण लपून राहते.

निष्कर्ष :
पडताळणीचे निकष आधीच लिहून ठेवणे व प्रत्येक इच्छुकास तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारणे, हा सोपा उपाय आहे. त्यामुळे घरमालकाचे हित जपले जाते आणि पूर्वग्रहास वाव कमी मिळतो. ज्या प्रश्नाच्या उत्तराचा भाडे भरण्याशी वा घराच्या निगेशी संबंध नाही, तो प्रश्न विचारू नये. समतेचे धडे वर्गात देणाऱ्या आपण प्राध्यापकांनी निदान आपल्या घराच्या दारात तरी आडनावाआधी करारपत्र पुढे करावे, एवढी अपेक्षा अवाजवी ठरू नये.