पाणीपट्टी नेमकी कशाची भरायची?

‘योजना सरकारची, मग पाणीपट्टी आमच्याकडून का?’ ग्रामपंचायतीचा माणूस वसुलीला दारात आला की हा प्रश्न हमखास निघतो. फक्त थकबाकीदारच तो विचारतात असं नाही, नियमाने भरणाऱ्यांच्याही मनात तो असतोच. म्हणून त्याचं उत्तर नीट द्यायला हवं.

जलजीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालं. घरोघरी नळाने माणशी रोज ५५ लिटर पाणी, हे त्याचं उद्दिष्ट. महाराष्ट्रात केंद्र आणि राज्य यांचा वाटा निम्मा-निम्मा. पण हा पैसा विहीर, टाकी, जलवाहिनी, पंपघर उभं करण्यासाठी आहे. पुढे रोज पाणी चढवायचं, शुद्ध करायचं, गळती काढायची, तो खर्च गावाने पाणीपट्टीतून भागवावा, असं योजनेतच धरलेलं आहे.

हा खर्च किती येतो? साडेसात एचपीची मोटार रोज आठ तास चालली, तर महिन्याला सुमारे १,३४० युनिट वीज लागते. हिशेबापुरता युनिटला ६ रुपये दर धरू. बिल आठ हजारांवर जातं, स्थिर आकार वेगळा. गावात ३०० नळजोडण्या असतील तर एकट्या विजेपोटी घरटी २७ रुपये होतात. त्यावर पाणी सोडणाऱ्याचा पगार, पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर, व्हॉल्व्हची दुरुस्ती, आणि मोटार जळली तर रिवाइंडिंग. आता निम्म्या घरांनी पैसे भरलेच नाहीत असं समजा. बिल काही निम्मं होत नाही. थकबाकी साचते, महावितरण पंपाची वीज तोडतं आणि मग वेळेवर भरणाऱ्याचा नळही कोरडा पडतो. मला यातला खरा अन्याय हाच वाटतो. अनेक गावांची मिळून असलेल्या प्रादेशिक योजनेत तर शेजारच्या गावाची थकबाकी आपल्या गावाला भोवते.

‘माझी स्वतःची बोअर आहे, मी नळच घेतला नाही, मला पाणीपट्टी लागूच नाही.’ हा समज सरसकट खरा नाही. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४ मध्ये सामान्य आणि विशेष अशा दोन पाणीपट्ट्या आहेत. विशेष पाणीपट्टी नळजोडणी घेणाऱ्याला पडते. सामान्य पाणीपट्टी घरं-जमिनींवर बसवता येते, त्यामुळे घरात नळ नाही एवढ्याने ती आपोआप माफ होत नाही.

लोकवर्गणीबद्दल तर फारच संशय. ‘दहा टक्के गोळा करून वर वाटून घेतात,’ असं सर्रास बोललं जातं. जलजीवनच्या मार्गदर्शक सूचना काय सांगतात? गावांतर्गत कामाच्या खर्चाचा १० टक्के वाटा लोकांनी द्यायचा. डोंगराळ वा वनक्षेत्रातल्या आणि निम्म्याहून अधिक अनुसूचित जाती-जमातींची वस्ती असलेल्या गावांसाठी तो ५ टक्के. रोख जमत नसेल तर श्रमदान किंवा साहित्यही चालतं. पैसे कुठे गेले हे विचारणं गैर नाही, विचारलंच पाहिजे. फक्त ते पारावर न विचारता ग्रामसभेत विचारावं, म्हणजे उत्तर इतिवृत्तात येतं.

वित्त आयोगाच्या निधीतून सगळं भागेल, ही आशाही फोल आहे. २०२१-२६ साठीच्या १५व्या वित्त आयोगात ६० टक्के अनुदान बंधित होतं, त्यातलं निम्मं पाण्यासाठी आणि निम्मं स्वच्छतेसाठी. उरलेल्या ४० टक्के अबंधित रकमेतूनही पगार आणि आस्थापनेचा खर्च करता येत नव्हता. म्हणजे पाणी सोडणाऱ्याचा पगार पुन्हा गावाच्या करांवरच येतो.

राहिलं ‘दर सरपंच ठरवतो’. कर बसवायचा तर पंचायतीचा ठराव लागतो आणि त्यावर लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. हरकत द्यायला किती जण जातात? वर्षात किमान चार ग्रामसभा व्हायलाच हव्यात, त्याआधी महिलांची स्वतंत्र सभाही. जलजीवनच्या गावपातळीवरच्या पाणी समितीत निम्म्या तरी महिला असाव्यात असा नियम आहे, आणि तो योग्यच आहे, कारण नळ कोणत्या दिवशी किती मिनिटं चालला हे घरात त्यांनाच पाठ असतं. पुढच्या सभेत तीन आकडे मागा: पंपाचं वर्षाचं वीजबिल, पाणीपट्टीची एकूण मागणी आणि त्यातली वसुली. दर वाढवायचा की थकबाकी आधी वसूल करायची, हे त्यांवरून सभेतच ठरवता येईल.