वाळवंटातला बांध : अमिरातीच्या सरहद्दींची गोष्ट

गेल्या डिसेंबरात आम्ही अबू धाबीहून दोह्याला गाडीने जायचा बेत केला. विमानाने तासाभराचा प्रवास. पण मुलांना रस्ता दाखवायचा होता, आणि डबे भरून निघायची हौस आमच्या सौ.ची. कागदपत्रांची जमवाजमव चालू असताना धाकट्याने घरातला एक जुना ॲटलास उघडला आणि विचारले, "बाबा, कतार तर आपल्या अगदी शेजारी आहे. मग सौदीचा व्हिसा कशाला?"

बघितले तर त्याचे बरोबर होते. ॲटलासमध्ये अमिरातीचा किनारा सरळ कतारला जाऊन भिडत होता. माझ्या संगणकावरच्या नकाशात मात्र दोघांच्या मध्ये सौदी अरेबियाचा पट्टा समुद्रापर्यंत आलेला. प्रत्यक्ष प्रवासही तसाच झाला. घुवैफातला अमिराती सोडायची, बत्ह्याला सौदीत शिरायचे, शंभरेक किलोमीटरनंतर सल्व्याला सौदीतून बाहेर पडायचे आणि अबू सम्र्याला कतारमध्ये दाखल व्हायचे. एका दिवसात चार चौक्या.

मी पेशाने संगणकवाला. डॉक्टरेट अभियांत्रिकीतली, इतिहासातली नव्हे. पण दोन ठिकाणची नोंद जुळत नसली की चूक कुठे शिरली ते शोधल्याशिवाय आमच्या जातीच्या माणसाला झोप येत नाही. शोधू लागलो तेव्हा कळले की इथे चूक कुठल्याच नकाशाची नव्हती. मध्ये एक करार झाला होता, आणि त्या कराराची किंमत एका तीन वर्षांच्या कोवळ्या राष्ट्राने मोजली होती. आपल्यापैकी अनेकांची निम्मी हयात या देशात गेली, मुले इथे जन्मली. तेव्हा या घराचे कुंपण कसे घातले गेले, हे माहीत असायला हरकत नाही.

मुंबईच्या दफ्तरातून

ही गोष्ट सुरू होते आपल्या मुंबईत. १८१९ च्या अखेरीस मुंबईहून निघालेल्या ब्रिटिश आरमाराने रास अल खैमा जिंकले आणि १८२० साली किनाऱ्यावरच्या शेखांशी तह केला. आखातातला ब्रिटिश रेसिडेंट १८७३ पर्यंत मुंबई सरकारच्या हाताखाली होता. १८९२ च्या करारांनी शेखांचे सगळे परराष्ट्र व्यवहार ब्रिटिशांच्या हाती गेले. इथल्या बाजारात रुपया चालत होता तो १९६६ पर्यंत.

पण ब्रिटिशांना रस होता तो समुद्रात, म्हणजे हिंदुस्थानच्या वाटेत. आतल्या वाळवंटात कोणाची हद्द कुठे संपते याची त्यांना फिकीर नव्हती. शेखांनाही नव्हती. शेखाचे राज्य म्हणजे जमिनीचा मोजलेला तुकडा नव्हे, तर त्याला मानणाऱ्या टोळ्या. टोळी पाण्यामागे आणि चाऱ्यामागे फिरणार, तिच्याबरोबर राज्यही थोडेफार फिरणार. आपल्याकडे शेताला बांध असतो, आणि तो बांध दर पावसाळ्यात वीतभर कोरणारा शेजारीही असतो. इथे बांधच नव्हता.

बांधाची गरज पडली ती तेलामुळे. तेल कंपनीला खोदाईची परवानगी हवी, पण ती कोणत्या शेखाकडून घ्यायची? म्हणून १९५० च्या दशकात ज्युलियन वॉकर नावाच्या तरुण ब्रिटिश अधिकाऱ्याला कामाला लावले. तो वाडीवस्तीवर फिरून म्हाताऱ्यांना विचारत असे : ही विहीर कोणाची, ही खजुरीची बाग कोणाची, या रानात गुरे कोणाची चरतात? त्यातून आजच्या सात अमिरातींच्या आपसातल्या सीमा निघाल्या. फुजैऱ्याकडे जाताना ओमानचे मधा हे गाव चहूबाजूंनी अमिरातीने वेढलेले दिसते, आणि त्या मध्याच्या पोटात पुन्हा शारजाचे नहवा. नकाशावर हे गमतीचे वाटते. पण कोणत्या शेखाला मानायचे हे ज्याच्या त्याच्या गावाने ठरवले, की नकाशा असाच ठिगळांचा होणार.

जकात आणि शेतसारा

घरातल्या घरात हे जमले. शेजारी बलाढ्य असला की काय होते, ते बुरैमीला दिसले.

आज आपण ज्याला अल ऐन म्हणतो ते आणि पलीकडचे ओमानचे बुरैमी मिळून नऊ खेड्यांचे एकच ओअॅसिस. सहा खेडी अबू धाबीची, तीन ओमानची. ऑगस्ट १९५२ मध्ये सौदी अधिकारी तुर्की बिन उतैशान मोजकी माणसे घेऊन ओमानच्या हमासा खेड्यात येऊन बसला आणि सगळे ओअॅसिस सौदीचे असल्याचे जाहीर झाले. १९५४ मध्ये वाद लवादाकडे गेला.

लवादापुढचा पुरावा मराठी माणसाला ओळखीचा वाटेल. सौदीचे म्हणणे, या टोळ्या आम्हाला जकात देत आल्या आहेत, म्हणजे प्रजा आमची. जकात म्हणजे आपल्या नाक्यावरची नव्हे. शब्द तोच, पण मूळ अर्थ धर्माने सांगितलेले दान. ब्रिटिशांचे म्हणणे, एखाद्याने दान दिले म्हणून त्याची जमीन तुमची होत नाही. गावच्या कोर्टात शेतसाऱ्याच्या पावत्या आणि सातबाऱ्याचे उतारे घेऊन दोन भाऊबंद उभे असावेत, तसे हे दोन पक्ष जाडजूड ग्रंथ घेऊन उभे होते.

निकाल लागलाच नाही. सप्टेंबर १९५५ मध्ये जिनिव्हात सुनावणी चालू असताना सौदीने लाचलुचपत केल्याचा आरोप करून ब्रिटिश सदस्य लवादातून उठले, आणि २६ ऑक्टोबरला ब्रिटिशांच्या हाताखालच्या स्थानिक पलटणीने ओअॅसिस ताब्यात घेतले. त्या वेळी अल ऐनचा कारभार पाहत होते शेख झायेद. सौदीचा दावा काही मिटला नाही. तो फायलीत जाऊन बसला.

१९७१ चा नोव्हेंबर

जानेवारी १९६८ मध्ये ब्रिटनने जाहीर केले की १९७१ अखेर आम्ही आखातातून निघतो. पुढच्याच महिन्यात, १८ फेब्रुवारीला, अबू धाबीचे झायेद आणि दुबईचे रशीद वाळवंटात भेटले. संघराज्याची कल्पना तिथे पक्की झाली, आणि त्याच बैठकीत दोघांमधला सीमावादही मिटला. समुद्रातली रेषा अशी सरकवली की फतेह तेलक्षेत्र दुबईच्या बाजूला राहिले. १९६९ मध्ये कतारशी करार झाला. त्यात बुंदुक तेलक्षेत्राचे उत्पन्न निम्मे-निम्मे वाटून घ्यायचे ठरले. बरोबरीच्या माणसांत देवघेव अशी सोपी असते.

इराणशी ती तशी नव्हती. १९७० मध्ये शहाने बहारीनवरचा दावा सोडला, पण अबू मूसा आणि मोठा व धाकटा तुंब या तीन बेटांवरचा सोडला नाही. जाता जाता ब्रिटिशांनी मध्यस्थी केली. शारजाच्या शेखांनी दबावाखाली समजुतीचा करार केला : अबू मूसावर काही भागात इराणी सैन्य, उरलेल्या भागात शारजाचा कारभार, तेलाचे उत्पन्न निम्मे आणि इराणकडून काही वर्षे ठराविक रक्कम. सार्वभौमत्व कोणाचे, यावर दोघांनीही आपला हट्ट सोडला नाही. रास अल खैम्याच्या शेखांनी तुंबांबाबत साफ नकार दिला. ३० नोव्हेंबरला इराणी सैन्य तिन्ही बेटांवर उतरले. मोठ्या तुंबावर रास अल खैम्याचा पोलीस सालेम सुहैल खमीस मारला गेला. २०१५ पासून त्याच्या स्मरणार्थ इथे हुतात्मा दिन पाळतात. दोन दिवसांनी, २ डिसेंबरला, संयुक्त अरब अमिरातीचा जन्म झाला. रास अल खैमा १० फेब्रुवारी १९७२ ला सामील झाले.

नकार देणाऱ्याचे गेले आणि सही करणाऱ्याचे अर्धे राहिले, असा हिशेब कोणी मांडील. पण ते अर्धेही सुखाने लाभले नाही. करार करणारे शेख खालिद जानेवारी १९७२ मध्ये उठावात मारले गेले. १९९२ मध्ये इराणने अबू मूसावर जाणाऱ्या अमिरातीच्या परदेशी कर्मचाऱ्यांना अडवले, म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्यांनाच. हा प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्यावा असे अमिराती म्हणते. बेटे आमचीच, असे इराण म्हणतो.

जेद्दा, २१ ऑगस्ट १९७४

आता धाकट्याच्या प्रश्नाकडे येऊ. नव्या राष्ट्राला संयुक्त राष्ट्रांचे सदस्यत्व ९ डिसेंबर १९७१ ला मिळाले, पण सर्वांत मोठा शेजारी सौदी अरेबिया त्याला मान्यता द्यायला तयार नव्हता. आधी सीमा, मग मान्यता, असा त्याचा पवित्रा. उत्तरेला बेटे गेलेली, ब्रिटिश निघून गेलेले, आणि पश्चिम-दक्षिणेला शेजारी दाराआड. तीन वर्षांच्या राष्ट्राला असे किती दिवस काढता येणार?

२१ ऑगस्ट १९७४ ला जेद्दामध्ये शेख झायेद आणि राजे फैसल यांनी करारावर सह्या केल्या. अल ऐनची खेडी अमिरातीची, हे सौदीने मानले आणि राष्ट्राला मान्यता दिली. बदल्यात अमिरातीने दोन गोष्टी सोडल्या. पहिली, कतारलगतच्या खोर अल उदैदचा किनारा. त्यामुळे सौदीला तिथून समुद्रापर्यंत वाट मिळाली आणि अमिरातीचा कतारशी असलेला जमिनीवरचा शेजार संपला. दुसरी, दक्षिणेतल्या शैबा किंवा झरारा तेलक्षेत्राचे सगळे तेल. या क्षेत्राचा काही भाग रेषेच्या अलीकडे, अमिरातीत आहे. तरी करारानुसार तेल सगळे सौदीचे. शैबाचे उत्पादन १९९८ मध्ये सुरू झाले आणि पुढे त्याची क्षमता रोज दहा लाख बॅरलपर्यंत नेली गेली. बुंदुकचे निम्मे-निम्मे आठवा, म्हणजे दोन वाटाघाटींतला फरक कळेल.

कराराचा मजकूर वीसेक वर्षे लोकांना माहीत नव्हता. १९९० च्या दशकात संयुक्त राष्ट्रांकडे नोंद झाल्यावर तो उघड झाला. अमिरातीच्या राज्यघटनेचे चौथे कलम म्हणते की संघराज्याने आपल्या भूमीचा कोणताही भाग सोडू नये. करार अमिरातीने विधिवत मंजूर केलेलाच नाही, असे अनेक अभ्यासक दाखवून देतात. सौदीच्या दृष्टीने मात्र विषय संपलेला आहे.

आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचे तर मागणीपत्रावर दोघांच्या सह्या आहेत, पण काम पुरे झाल्याचा दाखला एकाच बाजूने दिला आहे. अशा प्रकल्पात तक्रारी येत राहतात, तशा इथेही आल्या. झायेद २००४ मध्ये निवर्तल्यावर अमिरातीने विषय पुन्हा काढला. अमिराती आणि कतार यांनी समुद्रावरून थेट पूल बांधायचे ठरवले, तर सौदीने हरकत घेतली. कतारचा वायू आणणाऱ्या डॉल्फिन नळालाही हरकत आली. तो नळ २००७ मध्ये सुरू झाला, आणि आपल्या घरातले एसी चालवणारी वीज बरीचशी त्याच वायूवर तयार होते. २००९ मध्ये अमिरातीच्या ओळखपत्रावरचा नकाशा मान्य नाही म्हणून त्या ओळखपत्रावर सौदीत प्रवेश बंद झाला. त्याच उन्हाळ्यात घुवैफातला हजारो ट्रक दिवसचे दिवस खोळंबले. कारण तपासणीचे सांगितले गेले. अगदी २०२४ च्या मार्चमध्येही, अमिरातीने तिथल्या यासात बेटांभोवती घोषित केलेले सागरी अभयारण्य आम्हाला मान्य नाही, असे सौदीने संयुक्त राष्ट्रांना कळवले.

घाई न केलेली रेषा

ओमानशी मात्र वेगळे घडले. वर्षानुवर्षे अल ऐनमधून बुरैमीच्या बाजारात जायला पासपोर्ट लागत नसे. भाजीला जावे तसे जुने रहिवासी तिकडे जात. दोन्ही सरकारांनी रेषा आखण्याची घाई केली नाही. १९९९ मध्ये एका टप्प्याचा करार, २००२ मध्ये उरलेल्याचा, आणि नकाशांवर शेवटच्या सह्या २००८ मध्ये. दरम्यान बुरैमीत कुंपण आले आणि आपल्यासारख्यांना चौकीवर रांग लावावी लागली, हा तोटा खरा. पण जेद्दाच्या करारासारखे हे दुखणे पुन्हा उपटलेले नाही.

मग झायेद यांनी १९७४ मध्ये चूक केली का? मला तसे वाटत नाही. ओमानशी थांबता आले, कारण ओमान दार लावून बसला नव्हता. सौदीशी थांबायचे तर अल ऐन टांगणीला लागले असते आणि राष्ट्र अर्धवट मान्यतेवर चालले असते. ज्या खेड्यांत झायेद यांनी उमेदीची वर्षे घालवली, जिथले फलज साफ करवून घेतले, ती राखण्यासाठी त्यांनी निर्मनुष्य किनारा आणि वाळूखालचे तेल दिले. माणसे ठेवली, तेल सोडले. त्या किमतीत राष्ट्राला उभे राहायला वेळ मिळाला, आणि आपल्या नोकऱ्या त्याच वेळेत उभ्या राहिल्या.

माझी आत्या बेळगावला असते. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा, महाराष्ट्राचा सर्वोच्च न्यायालयातला दावा २००४ चा. तिच्या गल्लीत अजून त्यावर चर्चा रंगते. तिथेही प्रश्न तेच : भाषा बघायची, जुना दप्तरी कारभार बघायचा, की लोकांची इच्छा? तिथे निदान पलीकडे जायला व्हिसा लागत नाही.

सल्व्याच्या चौकीवर रांगेत दीड तास गेला. डब्यातल्या दशम्या तिथेच संपल्या. अधिकाऱ्याने पासपोर्ट परत दिले तेव्हा धाकटा शिक्के मोजत होता. "म्हणजे बाबा," तो म्हणाला, "अल ऐनसाठी आपण ही रांग लावली." मी म्हटले, "हो, तसे म्हणायला हरकत नाही." परत येताना त्याने कुरकूर केली नाही.