जुना डिझेल ट्रक, नवा गिअरबॉक्स

गिअर हा विषय वर्गात बहुधा सायकलवर सुरू होतो आणि सायकलवरच संपतो. पेडलजवळचं चक्र मोठं, मागचं लहान. दाते मोजा, गुणोत्तर काढा, झालं. गणित बरोबर येतं, पण एक प्रश्न तसाच राहतो. इंजिनात जोर असेल तर ते सरळ चाकाला का जोडू नये? मध्ये ही दातेरी चाकांची पेटी हवीच कशाला? या प्रश्नाच्या उत्तरासाठी एखादं जुनं डिझेल इंजिन फार सोयीचं. त्यातून कोणी त्याचा गिअरबॉक्स बदलायला घेतला, तर पुस्तकातली निम्मी यांत्रिकी त्या एका कामात भेटते.

आम्ही घेतलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. १९८९ साली डॉज कंपनीनं आपल्या रॅम या पिकअप ट्रकमध्ये कमिन्सचं ६बीटी हे ५.९ लिटरचं, सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन बसवलं. पिकअप म्हणजे पुढे केबिन आणि मागे उघडा हौदा. तिकडे शेतावरच्या कामाला आणि घोड्यांचा किंवा सामानाचा ट्रेलर ओढायला ही गाडी वापरतात. याच कुळातली इंजिनं पुढे आपल्याकडेही बनू लागली. १९९३ साली टाटा कमिन्स ही कंपनी स्थापन झाली, जमशेदपूरला कारखाना निघाला आणि टाटांच्या मालट्रकांत ही इंजिनं आली. आपल्या घाटांना त्यांचा आवाज परका नाही. अमेरिकेत त्या पहिल्या काही वर्षांतले ट्रक लोक आजही हौसेनं चालवतात, कारण इंजिन लवकर हार मानत नाही. हार मानतो तो त्याच्या मागचा गिअरबॉक्स.

आधी इंजिनाचा स्वभाव पाहू. त्याची ताकद १६० अश्वशक्ती, म्हणजे सुमारे ११९ किलोवॅट. ती मिळते मिनिटाला २५०० फेऱ्यांवर. टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, मात्र १७०० फेऱ्यांच्या आसपास सर्वांत जास्त असतो, सुमारे ५४२ न्यूटन-मीटर. या दोन आकड्यांत मुलांचा नेहमी गोंधळ होतो. तो सोडवायला एकच सूत्र पुरे: ताकद म्हणजे टॉर्क गुणिले कोनीय वेग. १७०० फेऱ्या म्हणजे सेकंदाला १७८ रेडियन. त्याला ५४२ नं गुणलं की सुमारे ९६ किलोवॅट येतात. २५०० फेऱ्या म्हणजे २६२ रेडियन. ११९ किलोवॅटला त्यानं भागलं की टॉर्क येतो ४५५ न्यूटन-मीटर. फेऱ्या वाढल्या तसा टॉर्क घटला, तरी ताकद वाढली. २५०० च्या थोडं पुढे गव्हर्नर इंधन तोडतो आणि खेळ संपतो.

थोडक्यात, हे इंजिन मन लावून काम करतं ते दीड हजार ते अडीच हजार फेऱ्यांच्या दरम्यान. वरचा आकडा खालच्याच्या पावणेदोन पटही नाही. गाडीचा वेग मात्र ताशी १० किलोमीटरपासून १०० पर्यंत, म्हणजे दहापट बदलतो. हे दोन आकडे शेजारी ठेवा, गिअर का लागतो ते सांगावं लागत नाही. पेट्रोलची मोटार पाच-सहा हजार फेऱ्यांपर्यंत पळते म्हणून तिचं कमी गिअरांत भागून जातं. संथ डिझेलचं तसं भागत नाही.

आणि नेमक्या या इंजिनाला १९८९ साली जो ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मिळाला, तो तीन गिअरांचा! ए-७२७ असं त्याचं नाव. पहिल्या गिअरचं गुणोत्तर २.४५, दुसऱ्याचं १.४५ आणि तिसरा थेट, म्हणजे १. तिसऱ्यात इंजिन फार पळू नये म्हणून मागच्या आसात क्राउन-पिनियन ३.०७ चं दिलं जाई. आता हिशेब करू. या ट्रकवर चालणारा २३५/८५ आर १६ मापाचा टायर एका फेरीत साधारण २.४५ मीटर जातो (२.४५ हा आकडा दोनदा आला, तो केवळ योगायोग). ताशी १०० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १६६७ मीटर, म्हणजे चाकाच्या ६८० फेऱ्या. त्यांना ३.०७ नं गुणलं की इंजिनाच्या फेऱ्या येतात सुमारे २०९०. बरं आहे. पण ट्रेलर जोडून चढावर निघताना हेच ३.०७ कमी पडतं, आणि ते वाढवलं तर सपाट रस्त्यावर इंजिन ओरडू लागतं. तीन गिअरांत दोन्ही साधत नाही.

म्हणून चौथा गिअर, आणि तोही ओव्हरड्राइव्ह: इंजिनाच्या एका फेरीत प्रोपेलर शाफ्टची एकाहून जास्त फेरी. १९९१ साली डॉजनं स्वतःच ए-५१८ हा चार गिअरांचा ऑटोमॅटिक आणला, त्यात चौथ्याचं गुणोत्तर ०.६९ आहे. जुन्या ट्रकचा मालक म्हणतो, चला, चार गिअरांची पेटी आणून बसवू. इथं थांबून वर्गाला विचारावं: क्राउन-पिनियन तेच ठेवलं तर काय होईल? ०.६९ गुणिले ३.०७ म्हणजे २.१२. ताशी १०० ला इंजिनाच्या फेऱ्या १४४० च्या आसपास. इंजिन आपल्या आवडत्या पट्ट्याच्या खाली गेलं. टर्बोला पुरेसा धूर मिळत नाही, हवा कमी पडते, जरा चढ आला की काळा धूर निघतो आणि ते कण्हू लागतं. पैसे खर्च करून मिळवलेला चौथा गिअर बिनकामाचा! त्याच्या जोडीला क्राउन-पिनियन ३.५४ चं केलं तर १०० ला फेऱ्या १६६० होतात, सर्वाधिक टॉर्कच्या अगदी जवळ. शिवाय पहिल्या गिअरमध्ये चाकावरचा जोर १५ टक्क्यांनी वाढतो, कारण ३.५४ भागिले ३.०७ म्हणजे १.१५. गाडी चारही चाकांवर चालणारी असेल तर पुढचा आसही तितकाच बदलावा लागतो, नाहीतर पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी भांडतात. गिअरबॉक्स एकटा बदलता येत नाही, असं आम्ही म्हणतो ते यासाठी.

पण गुणोत्तर ही या कामाची सोपी बाजू. खरी अडचण आहे उष्णतेची.

ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये नेहमीचा क्लच नसतो, टॉर्क कन्व्हर्टर असतो. टेबलावर दोन पंखे समोरासमोर ठेवा आणि एकच चालू करा. दुसरा आपोआप फिरू लागतो. हवेच्या जागी तेल घ्या, दोन्ही पंखे एका बंद डब्यात ठेवा, आणि परतणाऱ्या तेलाला योग्य दिशा देणारं तिसरं पात्यांचं चाक मध्ये बसवा, झाला टॉर्क कन्व्हर्टर. गाडी जागेवरून हलताना तो टॉर्क साधारण दुप्पट करून देतो. फुकट काही नाही: त्या क्षणी निघणारी बाजू जवळजवळ थांबलेली असते, म्हणजे ताकद बाहेर येतच नाही, सगळी तेलात जिरते. वेग धरल्यावर टॉर्कची वाढ थांबते, पण दुसरा पंखा पहिल्याच्या थोडा मागेच राहतो. हा मागे राहण्याचा भाग म्हणजेच वाया जाणारी ताकद. दहा टक्के मागे, तर दहा टक्के ताकद तेल तापवण्यात.

ढोबळ अंदाज करू. रिकामा ट्रक सपाट रस्त्यावर १०० नं चालवायला पंचवीस-तीस किलोवॅट पुरतात. त्यातले दोन-अडीच वाया गेले तर आपल्या घरच्या एका गिझरइतकी उष्णता झाली. पण ट्रेलर ओढत चढ चढताना इंजिन ९० किलोवॅट देत असेल, तर दहा टक्के म्हणजे ९ किलोवॅट. चार-पाच गिझर एकाच वेळी, तेही काही लिटर तेलात. हे तेल नुसतं वंगण नाही. त्याच्याच दाबानं गिअर पडतात. रसायनशास्त्राच्या शिक्षकांना इथं आऱ्हेनियस आठवेल: तापमान दर १० अंशांनी वाढलं की तेलाचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा कामचलाऊ नियम आहे. गिअरबॉक्स मरतात ते बहुतेक असे, दाते तुटून नव्हे.

१९८९ ते १९९३ पर्यंतच्या या डिझेल ट्रकांमधल्या कन्व्हर्टरना लॉक-अप नव्हतं. लॉक-अप म्हणजे वेग धरल्यावर दोन्ही पंख्यांना एकत्र पकडणारी आतली क्लचची चकती. ती लागली की घसरण शून्य आणि ती उष्णताही शून्य. १९९४ साली आलेल्या ४७आरएच या गिअरबॉक्समध्ये ती आली. म्हणून जुन्या ट्रकसाठी जाणकार बहुधा हाच शोधतात. दुसरं कारणही गमतीचं आहे. ४७आरएचचा गिअर केव्हा बदलायचा हा निर्णय तेलाचा दाबच घेतो. विजेचं काम फक्त दोन ठिकाणी, ओव्हरड्राइव्ह आणि लॉक-अप. तिथं डॅशबोर्डवरची दोन बटणंसुद्धा चालतात. त्यानंतरच्या ४७आरईला दाब ठरवायला संगणक लागतो आणि जुन्या ट्रकमध्ये संगणक नाही. नवं ते चांगलं हा नियम इथं उलटा पडतो.

बसवताना पेटी जुन्यापेक्षा लांब भरते, तेव्हा मागचा प्रोपेलर शाफ्ट आखूड करा, आधाराची आडवी पट्टी सरकवा, तेल थंड करणारा मोठा रेडिएटर लावा, ही कामं कुठलंही चांगलं गॅरेज करतं. एका दांडीकडे मात्र दुर्लक्ष होतं. डिझेलमध्ये हवेच्या वाटेवर झडप नसते, त्यामुळे पेट्रोल इंजिनासारखी पोकळी तयार होत नाही आणि इंजिनावर किती भार आहे हे गिअरबॉक्सला त्यावरून कळू शकत नाही. ते कळवते इंधनपंपाच्या दांडीला जोडलेली एक दुसरी दांडी किंवा केबल. ती ढिली राहिली की गिअरबॉक्सला वाटतं, भार हलका आहे. तो दाब कमी ठेवतो, आणि आतल्या चकत्या घसरून जळतात. नवा कोरा गिअरबॉक्स एका केबलपायी जळू शकतो.

आणि एका मोहाबद्दल बोललंच पाहिजे. या पहिल्या ट्रकांवर बॉशचा व्हीई जातीचा पंप आहे. त्याचा एक स्क्रू फिरवला की इंधन वाढतं, टॉर्क वाढतो, आणि खर्च शून्य. गिअरबॉक्सच्या शाफ्टला हे माहीत नसतं. भरीव शाफ्टमधला ताण टॉर्कच्या सम प्रमाणात आणि व्यासाच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतो. व्यास १० टक्के वाढवला तर ताकद ३३ टक्के वाढते, पण पेटीत तितकी जागा हवी ना! जागा नसते म्हणून लोक जास्त चांगल्या पोलादाचा शाफ्ट आणि लॉक-अपला जास्त चकत्या घेतात. आमच्या मते क्रम स्पष्ट आहे. आधी लॉक-अप आणि तेलाचं थंडीकरण, मग मजबुती, आणि पंपाचा स्क्रू सर्वांत शेवटी. पुष्कळजण तो पहिल्यांदा फिरवतात.

हातानं गिअर टाकायची सवय असेल तर एनव्ही ४५०० हा पाच गिअरांचा, ओतीव लोखंडाच्या पेटीचा गिअरबॉक्स आहे. १९९४ पासूनच्या डिझेल रॅमवर तो आला. कन्व्हर्टरच नसल्यानं घसरणीचा प्रश्न मिटतो. त्याची एक खोड प्रसिद्ध आहे: इंजिनाच्या धक्क्यांनी पाचव्या गिअरचा नट सैल होतो आणि पाचवा नाहीसा होतो. सहा सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक फेरीला तीन स्फोट होतात, फेऱ्या जितक्या कमी तितके धक्के वेगळे जाणवतात. ऑटोमॅटिकमधलं तेल हे धक्के पचवून टाकतं. म्हणूनच फार कमी फेऱ्यांवर लॉक-अप लावू नये.

राहिला उतार. कोलोरॅडोत आयझेनहॉवर बोगदा सुमारे ३४०० मीटर उंचीवर आहे. तिथून पश्चिमेला महामार्ग काही किलोमीटरांतच सुमारे ६०० मीटर खाली येतो. ट्रक आणि ट्रेलर मिळून ५७०० किलो धरा. एमजीएच केलं की साडेतेहतीस मेगाज्यूल, म्हणजे शंभर लिटर पाणी उकळीला आणण्याइतकी ऊर्जा. त्यातली काही हवा आणि टायर खातात, उरलेली ब्रेकच्या वाट्याला येते, आणि तापलेला ब्रेक धरत नाही. डिझेल इंजिन एरवीही गाडीला फारसं अडवत नाही, कारण हवेच्या वाटेत अडथळा नाही. म्हणून लोक धुराच्या वाटेत झडप टाकून एक्झॉस्ट ब्रेक बसवतात (त्याच्या दाबानं एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडू नयेत म्हणून स्प्रिंगही कडक घ्यावी लागते). पण मध्ये सुटा कन्व्हर्टर असेल तर चाकांचा जोर इंजिनापर्यंत धड पोचतच नाही. लॉक-अप लागलेलं असेल तरच तो ब्रेक कामाचा.

आता पंचाईत अशी, की गाडी थांबवताना लॉक-अप सुटलं नाही तर इंजिन बंद पडतं. त्यामुळे पेडलला पाय लागताच ते सोडणारा स्विच बसवण्याची पद्धत आहे. उतारावर नेमकं हेच नको असतं. पाय पेडलला लागला, लॉक-अप सुटलं, इंजिनाचा आधार गेला आणि सगळा भार ब्रेकवर आला. डॅशबोर्डवर लॉक-अपचं वेगळं बटण ठेवायचं ते यासाठी. उतारावर ते दाबलेलं असावं, आणि वेग पुरेसा उतरला की थांबण्याआधी आपल्या हातानं सोडावं.