ग्रास कटर चालू होतो, पण सारखा बंद पडतो?

पाऊस झाला की डाळिंबाच्या बागेत गवत गुडघ्याला लागतं आणि नेमका तेव्हाच ग्रास कटर दगा देतो. परवा निमगाव केतकीच्या एका बागेत हेच चाललं होतं. मशीन लगेच चालू व्हायचं, थोड्या वेळानं गप्प. मालक नवा कार्बोरेटर आणायला निघाले होते.

मशीन बंद पडल्या पडल्या मी टाकीचं झाकण सैल केलं. 'फुस्स' आवाज आला आणि पुढच्या दोरीला मशीन चालू! झाकणातलं हवेचं बारीक छिद्र धुळीनं बुजलं होतं. टाकीत हवा शिरली नाही, तर पेट्रोल पुढे ओढलंच जात नाही.

झाकण सैल करूनही फरक नसेल, तर टाकीतल्या नळीच्या टोकाचा फिल्टर बघा, मग एअर फिल्टर. गरम झाल्यावरच बंद पडतं आणि तेव्हा प्लगला ठिणगी नसते? मग बहुतेक इग्निशन कॉइल.

पेट्रोलकडे मात्र नीट लक्ष द्या. आता पंपावर 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं पेट्रोल मिळतं. आपल्या बारामती-इंदापूरच्या उसाला ते चांगलंच, पण इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. पेट्रोल महिनोन् महिने टाकीत राहिलं, तर कार्बोरेटरमधला पातळ डायफ्राम कडक होतो. हंगाम संपला की टाकी रिकामी करा आणि उरलेल्या पेट्रोलवर मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा.

टू-स्ट्रोकमध्ये ऑइल अंदाजानं ओतू नका. पुस्तिकेत 40:1 असेल, तर लिटरला 25 मिली.

तुमचं मशीन कधी बंद पडतं, गरम झाल्यावर की रेस दिल्यावर? मॉडेलसह विचारा, जमेल तसं सांगतो.