यंत्राचा आकडा आणि रुग्णाचा शब्द

रक्तदाबमापक, ग्लुकोमीटर, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर ही उपकरणे आता घरोघरी आहेत. या प्रत्येकात सॉफ्टवेअर, म्हणजे यंत्राला दिलेल्या सूचनांचा संच, काम करीत असतो. सॉफ्टवेअर झिजत नाही, गंजत नाही. म्हणून ते चुकतही नाही, असा आपला समज होतो. तो किती महागात पडू शकतो, हे थेरॅक-२५ या यंत्राच्या इतिहासावरून कळते.

कॅनडात तयार झालेले हे यंत्र कर्करोगावरील किरणोपचारासाठी वापरीत. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका व कॅनडातील सहा रुग्णांना त्यातून ठरलेल्या मात्रेच्या अनेक पटींनी किरण मिळाले. त्यांपैकी काही दगावले. १९८५ मध्येच अमेरिकेतील एका स्त्रीने उपचार चालू असताना भाजल्याचे सांगितले होते. असे होणे शक्यच नाही, असे उत्तर तिला मिळाले.

मार्च १९८६ मध्ये टेक्सास राज्यातील टायलर येथे यंत्रचालिकेने उपचाराचा प्रकार भरताना एक अक्षर चुकीचे टंकले व लगेच दुरुस्त केले. पडद्यावर दुरुस्ती दिसली. पण यंत्राची आतील मांडणी होण्यास सुमारे ८ सेकंद लागत आणि तेवढ्या अवधीत केलेला बदल सॉफ्टवेअरच्या एका भागापर्यंत पोहोचतच नसे. पडद्यावर ‘बिघाड ५४’ एवढाच संदेश आला आणि मात्रा कमी गेल्याची नोंद दिसली. असे संदेश वरचेवर येत. चालिकेने उपचार पुढे चालू केला. रुग्णाला मात्र विजेचा झटका बसल्यासारखे झाले होते. काही महिन्यांनी त्याचा मृत्यू झाला.

याच घराण्यातील आधीच्या यंत्रातही तसाच दोष होता. परंतु तेथे चुकीच्या स्थितीत किरण रोखणारी स्वतंत्र यांत्रिक कुलुपे होती, म्हणून कोणास इजा झाली नाही. नव्या यंत्रातून ती काढून सगळी भिस्त सॉफ्टवेअरवर ठेवली गेली. सुरक्षा-अभियांत्रिकीने यातून धडा घेतला: एक भाग चुकला तरी दुसऱ्याने त्याला अडवावे, आणि तो दुसरा पहिल्यावर अवलंबून नसावा.

आपल्या घरातील हे दुसरे कुलूप म्हणजे रुग्ण आणि त्याची काळजी घेणारी व्यक्ती. ग्लुकोमीटर साखर ठीक दाखवीत आहे, पण आजोबांना दरदरून घाम सुटला आहे, हात थरथरत आहेत, बोलणे विसंगत होत आहे, तर आकड्यावर विसंबून थांबू नका. हात धुऊन, कोरडे करून पुन्हा तपासा. फळाचा रस बोटाला लागला असेल तरी आकडा वाढतो. साखर कमी झाल्याची शंका उरली आणि ते शुद्धीवर असून गिळू शकत असतील, तर तीन छोटे चमचे साखर पाण्यातून द्या व १५ मिनिटांनी पुन्हा पाहा. गिळता येत नसेल तर तोंडात काहीही न घालता रुग्णालय गाठा. तसेच दम लागला असताना ऑक्सिमीटरचा आकडा चांगला आला, तरी डॉक्टरांना दाखवणे टाळू नका.

उपकरणाची तारीख व वेळ बरोबर ठेवा. बिघाडाचा संदेश आल्यास तो जसाच्या तसा लिहून घ्या, पुस्तिकेत अर्थ पाहा. केवळ कळ दाबून पुढे जाऊ नका. वर्षातून एकदा आपले रक्तदाबमापक दवाखान्यात आणून तेथील यंत्राशी ताडून पाहा. पेसमेकर असेल तर ठरलेली तपासणी चुकवू नका.

उपकरणे टाकून द्या, असे मी म्हणत नाही. त्यांच्यामुळे कितीतरी रुग्णांचे आजार वेळेत लक्षात येतात. परंतु आई ‘मला बरे वाटत नाही’ म्हणते आणि यंत्र ‘सर्व ठीक’ सांगते, तेव्हा आधी आईचे ऐका.