शर्ट ड्रेस ऑनलाइन घेताय? आधी टेप लावा

मोताळा तालुक्यातल्या धामणगाव बढेसारख्या गावातून ड्रेस ऑनलाइन मागवला, तर आधी घालून बघता येत नाही. मग निवडायचा कसा?

छाती, कंबर, नितंब मोजून साइज चार्ट पाहा. मापं वेगवेगळ्या साइजमध्ये येत असतील तर मोठी साइज घ्या. टेलर सैल कपडा आत घेतो, पण तंग कपडा वाढवायला शिवणीत फारसं कापड नसतं.

नितंब रुंद असतील तर ए-लाइन, पोट सुटलं असेल तर बेल्टशिवाय सरळ कट, सडपातळ असाल तर कमरेला बेल्ट शोभतो.

ड्रेस आल्यावर बसून पाहा. छातीवर बटणांमध्ये फट पडत असेल किंवा खांदा उतरत असेल तर मुदतीत परत करा. सुती ड्रेस धुतल्यावर आटतो, म्हणून ठेवायचा ठरला की धुऊनच टेलरकडे न्या.