विश्लेषण : उन्हाळी शिबिरात विज्ञान बघायचे की करायचे?

परीक्षा संपत आल्या की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर उन्हाळी शिबिरांच्या जाहिराती येऊ लागतात. पोहणे, चित्रकला, मातीकाम आणि त्यांच्या जोडीला हमखास ‘विज्ञानातील गमतीजमती’. फोटोतले दृश्य बहुतेक वेळा सारखेच : पांढरा कोट घातलेले सर, टेबलावर फेस उसळणारा ज्वालामुखी आणि समोर मांडी घालून बसलेली तीस-चाळीस मुले. पाच ते आठ वर्षांच्या मुलाला अशा शिबिरात घालताना काय पाहावे? तिथे मुलांना काय दाखवणार, यापेक्षा मुलांच्या हातात काय देणार, हे आधी पाहावे.

ज्वालामुखीत वाईट काय?

काहीच नाही. खाण्याचा सोडा आणि लिंबाचा रस एकत्र आले की कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो. त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब असले की भरपूर फेस होतो. अडचण एवढीच, की प्रयोग सर करतात आणि मुले टाळ्या वाजवतात. तेच साहित्य चार-चार मुलांच्या गटाला द्या आणि विचारा, ‘सोडा दुप्पट घातला तर फेस दुप्पट येईल?’ बहुतेक मुले ‘हो’ म्हणतील. करून पाहिले की कळते, रस संपल्यावर सोडा कितीही ओता, फेस वाढत नाही. आधी अंदाज, मग करून पाहणे, मग ‘असे का झाले?’ या तीन पायऱ्या असल्या तर तो प्रयोग. नाही तर ती जादू. तिला जादू म्हणायलाही हरकत नाही, पण मग फी विज्ञानाची का भरायची?

स्वयंपाकघरातले साहित्य पुरते का?

लहान मुलांसाठी तेच उत्तम. हळदीचेच बघा. पांढऱ्या शर्टावर वरणाचा डाग पडतो आणि साबण लावताच तो लाल होतो, हे मुलांनी घरी पाहिलेले असते. हळद आणि चुन्यापासून कुंकू करतात तेही याच गुणामुळे. हळदीतला कर्क्युमिन हा पिवळा पदार्थ अल्कधर्मी द्रवात लाल होतो आणि आम्लात पुन्हा पिवळा.

शिबिरात हळदीच्या पाण्यात कागद बुडवून वाळवायचा, त्याच्या पट्ट्या कापायच्या. साबणाच्या पाण्यात पट्टी लाल झाली की एखादे मूल नियम मांडतेच : ‘पांढऱ्या वस्तूने लाल होते!’ (साबण पांढरा असला तर.) ताईने लगेच ‘चूक’ म्हणू नये. मीठ, साखर, तांदळाचे पीठ आणि खाण्याचा सोडा पुढे ठेवावा. मिठाने काही होत नाही, साखरेने नाही, पिठाने नाही. सोड्याने मात्र हलकी लालसर छटा येते. मुलाचा नियम मुलाच्याच हाताने मोडतो. शेवटी लाल पट्टीवर लिंबू पिळायचे. हा भाग मुले पुन:पुन्हा करतात, त्यासाठी लिंबे जास्तच आणावीत.

कमी खर्चातल्या अशा कामाची वाट महाराष्ट्राला नवी नाही. आयआयटी कानपूरमधून अभियंता झालेले अरविंद गुप्ता मध्य प्रदेशात 1972 मध्ये सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाशी जोडले गेले. पुढे अनेक वर्षे त्यांनी पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत टाकाऊ वस्तूंपासून खेळणी केली; 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. गुल काढलेल्या काड्या सायकलच्या व्हॉल्व्हच्या बारीक रबरी नळीने जोडायच्या, हे त्यांचे गाजलेले खेळणे. त्रिकोण दाबला तरी तसाच राहतो, चौकोन कलंडतो. ते हाताला जाणवल्यावर विजेच्या टॉवरमध्ये इतके त्रिकोण का, हे वेगळे सांगावे लागत नाही.

उन्हाळ्यातच होणारा प्रयोग कोणता?

शून्य सावलीचा. सूर्य बरोबर डोक्यावर आला की सरळ उभ्या काठीची सावली दिसेनाशी होते. कर्कवृत्ताच्या दक्षिणेकडे, म्हणजे सबंध महाराष्ट्रात, असे वर्षातून दोनदा घडते. दुसऱ्या वेळी, जुलै-ऑगस्टच्या सुमारास, पावसाळी ढग आडवे येतात. पहिली वेळ मे महिन्यात, म्हणजे शाळेला सुट्टी असताना. शाळा जे सहसा दाखवू शकत नाही, ते शिबिर दाखवू शकते.

तारखा गावाच्या अक्षांशानुसार बदलतात : कोल्हापुरात साधारण 6 मे, पुण्यात 13-14 मे, मुंबईत 15-16 मे, नागपुरात 26 मेच्या आसपास. वेळही ठीक बाराची नसते. आपले घड्याळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर चालते आणि आपण त्याच्या पश्चिमेला. म्हणून त्या दिवसांत पुण्यात साडेबाराच्या, तर नागपुरात बारा वाजून दहा मिनिटांच्या सुमारास सावली नाहीशी होते. पाच-सहा वर्षांच्या मुलांना रेखांश सांगू नये. त्यांनी सकाळी नऊला एकमेकांच्या सावल्या खडूने आखाव्यात आणि साडेअकराला त्याच जागी उभे राहून पुन्हा आखाव्यात. ‘माझी सावली कुठे गेली?’ हा प्रश्न पुरेसा आहे.

फी भरण्याआधी काय विचारावे?

एका ताई-दादामागे मुले किती आणि साहित्याचे संच किती, हे पहिले. चाळीस मुलांत एकच संच असेल तर तो कार्यक्रम आहे, शिबिर नव्हे. ड्राय आइस किंवा द्रवरूप नायट्रोजनचे खेळ असतील तर ते मुलांच्या हातात जाणार नाहीत ना, हे विचारा. दोन्हींमुळे थंडीने त्वचा भाजते. हळदीच्या प्रयोगाला चुना नको, साबण पुरतो. चुना डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते.

बटणाएवढे सेल आणि छोटे शक्तिशाली चुंबक या वयाला देऊच नयेत. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत तिथे गंभीर भाजू शकते, आणि दोन चुंबक पोटात एकमेकांना खेचून आतड्याला भोक पाडू शकतात. मुलाने असे काही गिळल्याची शंका आली तरी पडण्याची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे.

आणि सावलीच्या प्रयोगाला काठी उन्हात ठेवावी, मुले मांडवात. दर दहा मिनिटांनी एकाने टोपी घालून जायचे, सावलीच्या टोकाला खूण करायची आणि परत यायचे.